मनात कुठलं पॉकेट होतं?

धुळ्याच्या त्या पार्लरमध्ये एसी होता, पण तो इतका घरघरायचा की टेबलाच्या पलीकडचा माणूस काय बोलतोय ते ऐकू यायचं नाही. मे महिना, बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस. बंद करा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. एसीचं आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या लीगच्या नियमांत 'सांगणे' या शब्दापुढे मी 'किंवा दाखवणे' असे दोन शब्द घातले, ते त्या एसीमुळे. आणि पुढची सगळी भानगड त्या दोन शब्दांची आहे.

मी जळगावचा. इंजिनिअरिंग इथंच केलं, नोकरी पुण्यात हिंजवडीला. २०२० मध्ये लॅपटॉप बॅगेत टाकून घरी आलो, आणि कंपनीने परत बोलावलं तरी महिन्यातले दोन आठवडे मी जळगावातूनच काम करायला लागलो. घरी आई, बाबा, वायफाय आणि संध्याकाळी सात वाजता डोक्यात साचलेलं सगळं कुठे टाकायचं हा प्रश्न. त्याचं उत्तर रिंगरोडजवळच्या एका बेसमेंटमध्ये होतं. दोन पूल टेबल, एक स्नूकरचं, ताशी पैसे, आणि हरेल त्याने टेबल भरायचं.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एट-बॉलमध्ये पांढरा सोडून पंधरा बॉल. सात रंगीत, सात पट्ट्यांचे, आणि एक काळा, आठ नंबरचा. आमच्याकडे त्यांना सॉलिड-स्ट्राइप कोणी म्हणत नाही. 'छोटे' आणि 'मोठे'. आपले सात घालवायचे, मग काळा. काळा आधी पडला तर खेळ खलास.

आता आम्ही सगळे मूळचे कॅरमवाले. खान्देशात उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी घराबाहेर पडायची सोयच नसते, त्यामुळे ओट्यावर नाहीतर बोळात सावली धरून कॅरम. बोरिक पावडर, साठ वॅटचा बल्ब, शेजारच्या काकूंच्या शिव्या. कॅरमचा कायदा सरळ आहे. सोंगटी पडली म्हणजे पडली. तुम्ही उजव्या भोकाकडे मारली आणि ती तीन भिंतींना आपटून डाव्या भोकात गेली तरी तुमचीच, आणि पुढचा हातही तुमचाच. फार तर समोरचा 'तुक्का' म्हणेल, आपण दात काढायचे. एक क्वीन सोडली तर कॅरम तुम्हाला काही सिद्ध करायला लावत नाही. क्वीनला मात्र कव्हर लागतं: नुसती घेतली म्हणून ती आपली होत नाही, लगेच मागे आपली एक सोंगटी घालून दाखवावी लागते. लहानपणी मला ती अट अन्यायाची वाटायची.

स्नूकरचंही तसंच. हा खेळ आपल्याकडचाच, १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी पावसाळ्यात वेळ घालवायला काढलेला. त्यात कुठल्या रंगाचा बॉल मारणार ते ठरलेलं असावं लागतं, पण पॉकेट सांगावं लागत नाही. तुक्का लागला तर खेळाडू नुसता हात वर करून समोरच्याची माफी मागतो आणि पुढचा शॉट खेळतो. टीव्हीवर पाहिलं असेल. माफी मागायची, गुण ठेवायचे.

पूलच्या जागतिक नियमांतला एट-बॉल असा नाही. तिथे ब्रेक सोडून प्रत्येक शॉटला कुठला बॉल कुठल्या पॉकेटात, हे आधी ठरलेलं आणि समोरच्याला कळलेलं असलं पाहिजे. दुसरीकडे गेला तर तो बॉल खालीच राहतो, पण तुमची पाळी गेली. तोंडाशी उभा असलेला बॉल सरळ घालायचा असेल तर सांगायची गरज नाही, ते उघड आहे. मात्र कुशनवर आपटून घालायचा असेल, बॉलवर बॉल मारून घालायचा असेल, तर सांगा. आणि काहीच घालायचं नसेल, फक्त समोरच्याला अडचणीत टाकून पाळी द्यायची असेल, तर 'सेफ्टी' म्हणा. सेफ्टी म्हटल्यावर तुमचा बॉल पडला तरी पाळी समोरच्याची.

वाचायला सोपं आहे. २०२३ च्या पावसाळ्यात आम्ही लीग काढली तेव्हा मलाही सोपं वाटलं होतं. सहा टीम, चार जळगावच्या, दोन धुळ्याच्या. रविवारी कधी ते इकडे, कधी आम्ही पाळधी-एरंडोल-पारोळा करत तिकडे, नव्वदेक किलोमीटर. जिंकणाऱ्याला एक ढाल आणि हरणाऱ्यांकडून भरीत-पुरीची पार्टी. नियम कोण लिहिणार? जो पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे तो. मी दोन पानांची पीडीएफ केली, मुद्द्यांना नंबर दिले, ग्रुपवर टाकली. एकोणतीस जणांनी अंगठा दाखवला. वाचली तिघांनी असेल.

पहिला घोळ सेफ्टीवरून झाला. आमच्या पोरांना तो शब्द उच्चारायचीच लाज वाटायची. सेफ म्हणजे घाबरला. त्यामुळे जो तो सेफ्टी खेळायचा, पण मारायला गेलो आणि चुकलो असं दाखवायचा. चेहरा पण पाडायचा. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या टीममधल्या मित्राने, आम्ही पहिलीपासून एका बाकावरचे, तोंडाशी असलेला सात नंबर अलगद घातला आणि पांढरा काळ्याच्या मागे नेऊन ठेवला. अप्रतिम. समोरच्याला आपला एकही बॉल दिसत नव्हता. क्यू उभा करून तो बाजूला झाला. "सेफ होता."

समोरची टीम म्हणाली, बोललास कुठे? सरळ बॉल सरळ गेला, म्हणजे पाळी तुझीच. खेळ आता.

म्हणजे त्याने दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात त्यालाच उतरायचं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मोबाईलवर पीडीएफ उघडली, मुद्दा क्रमांक सात वाचून दाखवला आणि म्हणालो, "मनातलं चालत नाही. तोंडातून यायला पाहिजे." तो खेळला, फाउल झाला, समोरच्याने पांढरा उचलून हवा तिथे ठेवला आणि फ्रेम नेली. मित्र दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मला मात्र त्या दिवशी स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं. आपल्याच माणसाविरुद्ध निर्णय दिला की माणूस स्वतःला रामशास्त्री समजायला लागतो.

'किंवा दाखवणे' त्यानंतर आलं. धुळ्याची तक्रार होती की एसीत ऐकू येत नाही, मग बोलूनही भांडणं होतात. रास्त होतं. मी दुरुस्ती केली: बॉल आणि पॉकेट सांगणे किंवा दाखवणे. क्यूने पॉकेटवर टकटक केलं तरी चालेल.

फायनल मे २०२४ मध्ये, धुळ्यात. सात फ्रेम, तीन-तीन. शेवटची माझी आणि नानांची. नाना म्हणजे पन्नाशीतले, आग्रा रोडच्या बाजूला दुचाकीच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान. लीगमध्ये सगळ्यात वयस्कर तेच. आम्ही विशी-तिशीतले पांढऱ्याला धाडधाड मारायचो, ते अर्ध्या जोरात खेळायचे आणि बोलायचे त्याहून कमी. सेफ्टी म्हणायची लाज न वाटणारा लीगमधला एकमेव माणूस. "सेफ," असं खणखणीत म्हणायचे, जसं दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगतात.

माझा एकच बॉल राहिला होता, लाल, तीन नंबरचा. डाव्या लांब कुशनपासून चार बोटं, जवळजवळ मधोमध. काळा खाली, आखूड कुशनजवळ. नानांचे दोन मोठे वरच्या बाजूला मोकळे. लाल सरळ कुठेच जात नव्हता. एकच रस्ता होता: डाव्या कुशनवर आपटून उजव्या मधल्या पॉकेटात. मी टेबलाभोवती चक्कर मारली, उजव्या मधल्या पॉकेटापाशी थांबलो, वाकून कोन बघितला आणि सवयीने क्यूचं टोक पॉकेटच्या कडेवर दोनदा आपटलं. टक टक. मग पलीकडे गेलो, चॉक लावला आणि विचार बदलला. चुकला तर नाना दोन्ही बॉल आणि काळा एका दमात साफ करणार. त्यापेक्षा लालला नुसतं खरवडायचं, पांढरा कुशनला लागून खाली काळ्याच्या मागे लपवायचा. सेफ. म्हणायला पाहिजे होतं. म्हणालो नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. काही घाई, काही तोच जुना संकोच, तीस माणसं बघत असताना सेफ म्हणण्याचा.

मारला तो जाड बसला. लाल खरवडला जायच्या ऐवजी कुशनवर आदळला, टेबल आडवं कापत सुटला आणि उजव्या मधल्या पॉकेटात गेला. कडेला न लागता. पांढरा मध्येच थांबला, काळ्यावर छान कोन ठेवून. आमच्या टीमने जी बोंब ठोकली ती एसीपेक्षा मोठी होती.

नाना उठले नव्हते. त्यांच्या टीममधल्या एकाने विचारलं, सांगितला होता का? माझा मित्र, तोच सात नंबरवाला, पुढे सरसावला. "दाखवला होता. दोनदा ठोकलं त्याने पॉकेटवर, सगळ्यांनी पाहिलं." खरंच होतं. मुद्दा क्रमांक सात, सांगणे किंवा दाखवणे.

"हा, दाखवला होता, मी पण पाह्यलं," नाना म्हणाले. मग माझ्याकडे बघून, अहिराणीत: "पण मारतावखत तुना मनमा तेच व्हतं का?"

मी म्हणालो, "हो."

नानांनी मान हलवली आणि हाताने खूण केली, खेळ. काळा घालायला मला फार वेळ लागला नाही. हात थरथरत होता, पण शॉट सोपा होता. नानांनी हात मिळवला आणि काउंटरवर जाऊन टेबलाचे पैसे भरले. हरेल तो भरेल.

परतताना पारोळ्याच्या पुढे चहाला थांबलो. ढाल गाडीच्या डॅशबोर्डवर. मित्राच्या वडिलांना क्रिकेटचा फार नाद, त्यामुळे त्याच्याकडे जुने किस्से असतात. खूश होता, सांगत सुटला. १९८० ची वानखेडेवरची टेस्ट, इंग्लंडविरुद्ध. अंपायरने बॉब टेलरला मागे कॅच आउट दिलं. कॅप्टन विश्वनाथ स्लिपमध्ये उभा होता, त्याला दिसलं होतं की बॅट लागलेली नाही. त्याने अंपायरला सांगून टेलरला परत बोलावलं. मग टेलर आणि बोथमने दीडशेच्या वर भागीदारी केली आणि भारत दहा विकेटनी हरला. "येडपट का नाही?" मित्र म्हणाला. सगळे हसले. मी पण. विश्वनाथला तर कोणी विचारलंही नव्हतं. मला समोर बसवून, माझ्या बाजूने निकाल लागल्यावर, विचारलं होतं.

माझ्या कामात याला एक नाव आहे. कधीकधी कोडमध्ये दोन चुका एकमेकींना झाकतात आणि टेस्ट पास होते. स्क्रीनवर हिरवी खूण येते. रिव्ह्यू करणाऱ्याला हिरवं दिसतं, मॅनेजरला हिरवं दिसतं, आणि लिहिणाऱ्याला, जर तो शुद्धीवर असेल तर, माहीत असतं की हे चालायला नको होतं. असली हिरवी टेस्ट लाल टेस्टपेक्षा वाईट, हे मी नव्या मुलांना शिकवतो. पगार घेऊन शिकवतो.

त्या आठवड्यात मी पुण्यात होतो आणि रात्री बसून दुनियेभरच्या लीगचे नियम वाचत होतो. खरं तर स्वतःसाठी वकील शोधत होतो. अमेरिकेत १९७९ पासून चालत आलेली हौशी खेळाडूंची एक मोठी संघटना आहे, अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशन. त्यांच्या एट-बॉलमध्ये काळा सोडून काही सांगावंच लागत नाही. कॅरमसारखं, पडला म्हणजे पडला. वाचून हायसं वाटलं. तिथे मी निर्दोष होतो. पण पुढे वाचलं तर त्यांनी तो प्रश्न वेगळ्या दारातून आत घेतलेला. त्यांच्याकडे खेळाडूच्या कुवतीप्रमाणे सूट मिळते, आणि कुवत काढतात ती किती पाळ्यांत जिंकलात यावरून. मग लोक मुद्दाम चुकतात, पाळ्या वाढवतात, स्वतःला कच्चं दाखवतात. म्हणून स्कोअर लिहिणाऱ्यावर जबाबदारी अशी की ज्या शॉटमध्ये बॉल घालायचा हेतूच नव्हता त्यापुढे खूण करायची, म्हणजे ती पाळी हिशेबातून वजा होते. हेतू नव्हता, हे ठरवायचं कोणी? कागद-पेन घेऊन बाजूच्या टेबलावर बसलेल्या माणसाने.

स्नूकरमध्ये तर रेफ्रीला अधिकारच आहे. फाउल झाला आणि खेळाडूने बॉलला लागायचा पुरेसा प्रामाणिक प्रयत्न केला नाही असं वाटलं तर तो 'मिस' पुकारतो आणि समोरच्याने म्हटलं तर बॉल परत जागेवर लावून पुन्हा खेळायला लावतो. क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यू देतानासुद्धा अंपायर बघतो की बॅट्समनने खरंच शॉट खेळायचा प्रयत्न केला की पॅड पुढे करून नुसतं नाटक. सगळीकडे कोणीतरी दुसऱ्याच्या डोक्यात डोकावतोय. आमच्या लीगमध्ये रेफ्री नव्हता, एवढंच.

दुसऱ्या सीझनला मी मुद्दा क्रमांक सात बदलला. 'किंवा दाखवणे' काढलं. उघड शॉटची सवलत पण काढली. प्रत्येक शॉट तोंडाने सांगायचा, समोरच्याने 'बरं' म्हटल्यावरच मारायचा, आणि न बोलता पडलेला बॉल कोणाच्या कामाचा नाही. ग्रुपवर कटकट झाली, खेळ रेंगाळेल म्हणून. रेंगाळलाही. एकाने लिहिलं, "भो, लग्न लावतोय का आपण?" नानांचा एकट्याचा अंगठा आला, आणि खाली "चांगलं केलं". मी तो मेसेज दिवसभर बघत होतो.

नवा नियम धुळ्यात फार दिवस चाललाच नाही. दिवाळीनंतर ते पार्लर बंद झालं. भाडं परवडेना, असं ऐकलं. टेबलं कोणीतरी उचलली, धुळ्याच्या दोन्ही टीम मोडल्या. म्हणजे मे महिन्यातली ती फायनल नानांची तिथली शेवटची फायनल होती, आणि ती मी तशी जिंकली होती.

गेल्या पावसाळ्यात बाबांच्या जुन्या स्कूटरचा ब्रेक शू आणायला मी धुळ्याला गेलो. ब्रेक शू जळगावात मिळतो, चार दुकानांत मिळतो. हे बाबांनीही मला सांगितलं.

नाना काउंटरमागे होते. चहा मागवला. मी पंधरा मिनिटं पाऊस, कपाशी, पुण्याचं ट्रॅफिक असं बोललो. मग सांगून टाकलं. नाना, तो लाल मी घालायला मारलाच नव्हता. सेफ मारला होता, जाड बसला.

ते चहा पीत होते. "माले माहीत व्हतं," म्हणाले.

"कसं?"

"तुनी नजर व्हाईटवर व्हती. लालवर नही."

मी गप्प. खरं आहे, अगदी खरं. बॉल घालायचा असेल तर मारल्यावर डोळा त्या बॉलमागे जातो. लपवायचं असेल तर डोळा पांढऱ्यामागे जातो, तो कुठे थांबतो ते बघायला. लाल उजव्या पॉकेटात पडला तेव्हा मी डावीकडे खाली बघत होतो. पॉकेटात पडल्याचा आवाज ऐकून मी वळलो होतो. तीस माणसं लालकडे बघत होती, आणि एक माणूस माझ्याकडे.

"मग बोलला का नाहीत तेव्हाच?" माझा आवाज थोडा चढलाच असावा. जणू चूक त्यांची होती.

"मी तुले इचारं ना," नाना म्हणाले.

बाहेर एकजण रेनकोट निथळत उभा होता, क्लच केबल आहे का विचारत होता. नाना उठले, मागच्या रॅकमधून केबल काढली, त्याला दिली. मग माझा ब्रेक शू कागदात गुंडाळला, बिल फाडलं आणि पूर्ण पैसे घेतले.